दहा वर्षांच्या पीसीत पैसे घालायचे की नवाच घ्यायचा?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगता येईल. बाबांचं घरूनच जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम. २०१५ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं, आणि टॅलीसोबत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) ब्राउझर उघडला की अडकून बसते. नागपूरच्या बर्डीवरचा एक दुकानदार म्हणाला भंगार झालं, नवं घ्या. दुसरा म्हणाला एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) अन् रॅम टाका, अजून पाच वर्षं कुठे जात नाही. धाकटा भाऊ म्हणून राहिला की यंदा त्याला कॉलेजसाठी ऑटोकॅड लागणार तर एकदाच दणकट मशीन घेऊन टाकू. आणि बाबा म्हणतात चालू आहे ना, मग काहून बदलायचं?

चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, म्हणूनच गोंधळ होऊन राहिला. मी नागपुरातच असेंबलिंग-रिपेअरिंग करतो, गिऱ्हाईक बहुतेक टॅक्सवाले, डीटीपीवाले, छोटे दुकानदार, त्यामुळे अगदी अशीच मशीन माझ्या टेबलावर नेहमीच असते. माझा अनुभव असा की "जुनं झालं का" हा प्रश्न विचारून उत्तर मिळतच नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एक, तुमचा वेळ नेमका कोणत्या पार्टमुळे जातो. दोन, आज टाकलेला पैसा उद्या नव्या मशीनमध्ये तुमच्यासोबत येईल की या बोर्डासोबतच मरेल. दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही आणि खरा निर्णय तिथेच होतो.

आधी वेळ कुठे जातो ते पाहा. सकाळी मशीन चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्स. बाबा रोज जे करतात तेच करा, टॅली, ब्राउझरमध्ये पोर्टल, एक्सेल, आणि कोणता आकडा वर जाऊन तिथेच चिकटतो ते लिहून ठेवा. मी पैजेवर सांगतो डिस्क १०० टक्के दिसेल आणि प्रोसेसर वीस-तीसवर आरामात बसलेला असेल. पण इथे एक गंमत आहे, डिस्क १०० दिसली म्हणून दोष फक्त डिस्कचा असतो असं नाही. विंडोज १० आणि ब्राउझर मिळून ४ जीबी सहज खाऊन टाकतात, मग जागा उरली नाही की विंडोज रॅममधला माल उचलून हार्डडिस्कवर ठेवतं आणि लागला की परत आणतं, म्हणजे रॅमची कमतरता डिस्कच्या नावावर दिसते. म्हणून मेमरीचा आकडा पण पाहा, तो ८५-९० च्या वर असेल तर दोन्ही दोषी.

हार्डडिस्क एवढी मंद काहून वाटते तेही सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की ती म्हातारी झाली म्हणून मंद झाली. आत चकती फिरते, मिनिटाला ७२०० फेरे (काहींत ५४००), आणि वाचणारं डोकं एका जागेवरून दुसरीकडे हलतं. एकच मोठी फाइल सलग वाचायची असली तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, वाईट नाही. पण विंडोज चालू होताना हजारो छोट्या फायली दहा ठिकाणांहून लागतात आणि डोक्याला सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा जागा बदलता येते. एसएसडीत फिरणारं काही नाही, हेच काम ती सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून याच आय५ वर फक्त एसएसडी टाकली तरी पाच मिनिटांचं बूटिंग अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच. यावरूनच कळते की "भंगार झालं" म्हणणाऱ्याने कॅबिनेट उघडून पाहिलंच नसेल.

आता एक गोष्ट जी पुण्या-मुंबईवाल्यांच्या सल्ल्यात सापडणार नाही, आणि आपल्याकडे तिच्यावाचून निदान पूर्ण होत नाही, ती म्हणजे ऊन. तुम्ही लिहिलं की त्रास एप्रिलपासून वाढला. मशीन सकाळी बरी, दुपारी दोन-तीनला रडते आणि रात्री परत बरी, असं असेल तर पैसे खर्च करायच्या आधी साफसफाई करा. बाहेर ४५ असताना खोलीत ३८-४० सहज असतं, आणि प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. त्यात प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी दहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली, पंख्याखालच्या धातूच्या हीटसिंकच्या पात्यांत धूळ दाबून बसलेली, मग प्रोसेसर स्वतःला जळू न देण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. तुम्हाला वाटतं मशीन थकली. कॉम्प्युटर टेबलाच्या त्या बंद लाकडी कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असेल तर आधी ते बाहेर काढा, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि कूलर. आपल्या घरोघरी वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्यांचा कूलर असतो आणि टेबल नेमकं त्याच्यासमोर. ओलसर हवा आणि धूळ मिळून आत नमद्यासारखा थर बसतो, पाणी जड असेल तर पांढरी पूड बसते, स्क्रू गंजतात, रॅमच्या पट्टीचे सोनेरी पाय काळे पडतात आणि मग मशीन चालूच होत नाही, नुसती बीप मारते. अशी कित्येक "मेलेली" मशीन फक्त रॅम काढून खोडरबरने पाय घासल्यावर चालू झाली आहेत. कूलर बंद करायला कोण सांगणार मे महिन्यात, पण कॅबिनेट त्याच्या झोतातून बाजूला सरकवा. साफ करताना पंख्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या नीट बसल्या का पाहायच्या, एक जरी ढिली राहिली तर साफसफाईनंतर मशीन आधीपेक्षा जास्त तापते.

कॅबिनेट उघडलंच आहे तर अजून तीन गोष्टी पाहून घ्या. बोर्डावरचे कपॅसिटर, ते छोटे डबे, वरून फुगलेले किंवा तेलकट दिसले तर या मशीनवर एक रुपयाही टाकू नका, बाकीचं वाचायची गरज नाही, सरळ नव्याच्या परिच्छेदावर जा. दुसरं, तारीख सारखी मागे जात असेल तर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझरला पोर्टलचं सर्टिफिकेट खोटं वाटतं, साइट उघडत नाही, आणि लोक नेटवाल्याला शिव्या देतात. तिसरं, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत हे मला नेहमी सापडतं, आणि हा दोष घराचा आहे, त्याच स्विचबोर्डात नवी मशीन लावली तरी तोच झटका आणि तोच धोका. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आता पैसा कुठे टाकायचा.

एसएसडी टाका, डोळे झाकून. २.५ इंची साटा (वायरीने बोर्डाला जोडायची) घ्या, ५०० जीबीची पुरे, बाबांच्या कामाला टॅलीचा डेटा आणि पीडीएफ मिळून एवढा मोठा पसारा नसतो. दुकानदार एम.२ ची छोटी पट्टी दाखवेल, ती या बोर्डात बसत नाही, एच८१ च्या काळात ती सोय नव्हती. लावताना दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. एच८१ बोर्डावर साधारण चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ जीबीपीएसचे, एसएसडी त्यातल्याच एकावर पाहिजे, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय पाहिजे. पॉवरसाठी एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची) स्वतःची साटा वायर वापरा, जुन्या चार पिनच्या वायरीवर लावायचे ते स्वस्त कनेक्टर वापरू नका, त्यातले काही वितळतात. एसएसडी डोळे झाकून का म्हणतो, तर उद्या नवी मशीन घेतली तरी हीच एसएसडी काढून तिच्यात लागते. हा पैसा वाया जात नाही.

रॅमचं गणित उलटं आहे. तुमच्या बोर्डाला डीडीआर३ लागते, आणि आजच्या कोणत्याही नव्या बोर्डात ती लागत नाही, म्हणजे तो पैसा या मशीनसोबतच जाणार. म्हणून नवी कोरी घेऊ नका, ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून सेकंडहँड ४ जीबीची पट्टी घ्या, १६०० वाली, एकूण ८ जीबी झाली की बाबांचं काम भागतं. दोन पट्ट्या लागल्या की दोन रस्ते एकदम चालतात, थोडा फायदा तोही. ऑनलाइन ८ जीबीची डीडीआर३ फारच स्वस्त दिसली तर बारीक अक्षरं वाचा, त्यावर "फक्त एएमडीसाठी" असं लिहिलेलं असते, ती तुमच्या इंटेल बोर्डावर चालत नाही आणि परत करायला नाकीनऊ येतात.

जुना आय७-४७७० शोधून टाका असाही सल्ला कोणी देईल. नका. त्याच जुन्या सॉकेटचा प्रोसेसर, त्याच जुन्या बोर्डावर, आणि बाबांच्या कामात प्रोसेसर अडतच नाहीये. ग्राफिक्स कार्डाचंही तेच.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या शेवटाकडून रॅमचे भाव जगभर चढले, एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली की साध्या पीसीची मेमरी महाग झाली, आणि एसएसडीलाही त्याची झळ लागली. आज मी लिहिलेला आकडा पुढच्या आठवड्यात खोटा ठरेल. पण एक गोष्ट कळून येते की नवी मशीन घेणं सध्या आधीपेक्षा महाग पडतं, म्हणजे जुनीत काही महिने काढता आले तर ते काढण्यात शहाणपणा आहे.

काही महिनेच काहून, पाच वर्षं काहून नाही? इथे दुसरा दुकानदार अर्धवट बोलला. हार्डवेअर पाच वर्षं चालेलही, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट थांबतात. मायक्रोसॉफ्टने ईएसयू नावाने घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट घ्यायची सोय दिली आहे, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे जात नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) पाहिजे आणि इंटेलचा साधारण ८ व्या पिढीपासूनचा प्रोसेसर पाहिजे, तुमचा ४ थ्या पिढीचा आहे. तपासणी चुकवून ११ टाकून देणारे भरपूर आहेत आणि तुमच्या प्रोसेसरवर ते चालतंही, मी खोटं सांगणार नाही. घरी पोरांनी गाणी ऐकायला, खेळायला मशीन असती तर मी म्हटलं असतं टाका. पण बाबांच्या मशीनवर गिऱ्हाइकांचे पॅन, पोर्टलचे पासवर्ड, बँकेचे स्टेटमेंट, डिजिटल सिग्नेचरचं टोकन हे सगळं आहे, आणि अशा विंडोजला पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दुसऱ्याचा डेटा सांभाळणाऱ्याने जुगाडावर बसू नये असं माझं मत. लिनक्स सुचवणारे भेटतील, चांगलं आहे, पण टॅली विंडोजवरच चालतं, आणि साठीच्या माणसाला मार्चएंडला नवी सिस्टिम शिकवत बसायचं का, तुम्हीच ठरवा.

म्हणून माझा हिशोब असा की आत्ता एसएसडी, सेकंडहँड रॅम, पेस्ट आणि साफसफाई, ईएसयू लावून घ्या, आणि ईएसयूची मुदत संपायच्या आधी नवी मशीन. टॅक्सवाल्यांचं सप्टेंबर-ऑक्टोबर कसं असतं ते तुमच्या घरात मी काय सांगू, त्यामुळे मशीन रिटर्नच्या गर्दीत बदलू नका, एखादी मोकळी खिडकी पकडा. ईएसयूची तारीख उलटून गेल्यावर तुम्ही हे वाचत असाल किंवा कपॅसिटर फुगलेले निघाले, तर मधलं सगळं सोडा आणि आत्ताच बदला.

नवी घेताना बाबांच्या कामाला फार मोठं काही लागत नाही. इंटेलचा आय३-१२१०० किंवा त्याच्या पुढचा, एच६१० बोर्ड, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ५६००जी, ८ जीबी रॅम चालेल पण १६ असली तर पाच-सहा वर्षं पाहावं लागत नाही. यात एका अक्षराकडे लक्ष द्या, इंटेलच्या नंबरामागे एफ असेल, म्हणजे १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसत नाही. थोडा स्वस्त पडतो म्हणून कोटेशनमध्ये हमखास तोच लिहिलेला असतो. तुमचा मॉनिटर जुना आहे, त्याला मागे फक्त निळं व्हीजीए कनेक्टर असेल तर बोर्डावर व्हीजीए आहे का विचारा, मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस सगळं तेच चालवा. यूपीएसची बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांत उतरते, ती बदलली नसेल तर बदला. बाबांकडे जाड केबलचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याचा पोर्ट नव्या बोर्डावर बहुतेक नसतो, हे आधीच पाहून ठेवा.

कंपन्यांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप हा तिसरा रस्ता, आणि बजेट कमी असेल तर वाईट नाही. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर, मजबूत माल असतो. पण "आय५ आहे" एवढ्यावर हुरळून जाऊ नका, तुमच्याकडे आत्ता आहे तोही आय५च आहे. पूर्ण नंबर विचारा, आय५-८५०० म्हणजे ८ वी पिढी, विंडोज ११ ला चालते, आय५-६५०० किंवा ७५०० म्हणजे तुम्ही परत आजच्याच जागी. आणि या मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या आपल्या मापाचे असतात, एसएमपीएस गेला तर बर्डीवरून साधा आणून लावता येत नाही, तसाच शोधावा लागतो. वॉरंटी लेखी घ्या.

भावाच्या ऑटोकॅडचं मी वेगळं ठेवेन. एकच दणकट मशीन घेतली तर रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नेमकी त्याची सबमिशन येईल, आणि पोरं गेम टाकतात, क्रॅक सॉफ्टवेअर टाकतात, ते सगळं गिऱ्हाइकांच्या डेटाशेजारी. त्याला कॉलेजात न्यायला लॅपटॉपच लागेल बहुतेक, तर त्याचं बजेट तिकडे ठेवा, आणि ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ऑटोकॅड फुकट देतं, कॉलेजच्या पुराव्यावर, त्यामुळे क्रॅकची गरजही नाही. बाबांची मशीन फक्त बाबांची.

एक मात्र आजच करा, दुकानात न्यायच्याही आधी. टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करून घ्या, मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून हार्डडिस्कची तब्येत पाहा. त्यात रीअलोकेटेड किंवा करंट पेंडिंग सेक्टरसमोर (डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा) शून्याच्या जागी आकडा असेल तर पिवळा कॉशन किंवा लाल बॅड येतो, मग ती डिस्क एसएसडीसोबत साठवणीला ठेवायचीही नाही, आणि दुकानदाराला क्लोनिंग (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) न करता एसएसडीवर विंडोज नव्याने टाकायला सांगा. बॅकअपची सवय एसएसडीनंतरही सोडू नका, हार्डडिस्क जायच्या आधी बऱ्याचदा खरखर करून कळवते, एसएसडी कधीकधी काहीच न सांगता जाते.

टास्क मॅनेजरमधले डिस्क आणि मेमरीचे आकडे, क्रिस्टलडिस्कइन्फोचा रंग आणि उघड्या कॅबिनेटचा एक फोटो, एवढं पाठवा. एसएमपीएस लोकल आहे की बरा हे फोटोतल्या स्टिकरवरून कळेल, कारण तो लोकल निघाला तर एसएसडीच्या आधी तोच बदलायला सांगेन.